पाऱ्याची नळी आणि ध्यानाचं आसन

1837 साली लाहोरला रणजितसिंगांच्या दरबारात एक विलक्षण उकरणी झाली. हरिदास नावाच्या साधूला चाळीस दिवसांपूर्वी एका बागेतल्या इमारतीत पुरलं होतं. दाराला मोहोर होती आणि बाहेर पहारा होता. चाळिसाव्या दिवशी पेटी उघडली तेव्हा कंपनी सरकारचा प्रतिनिधी क्लॉड वेड तिथे हजर होता. त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलं. पांढऱ्या कापडाच्या पिशवीतला देह आखडलेला होता आणि नाडी लागत नव्हती. शिष्याने अंगावर गरम पाणी ओतलं, डोक्यावर गव्हाची गरम पोळी ठेवली, नाकाकानांतले मेणाकापसाचे बोळे काढले, घशाकडे दुमडलेली जीभ बोटाने पुढे ओढली आणि पापण्यांना तूप चोळलं. थोड्या वेळाने छाती हलली आणि साधू बोलू लागला. महाराजांना त्याने पहिली गोष्ट विचारली ती आता तरी विश्वास बसला का, ही.

विश्वास कुणाचा कशावर बसला हे सांगणं अवघड आहे. रणजितसिंगांनी त्याला दागिने आणि वस्त्रं दिली. मँचेस्टरमध्ये संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या जेम्स ब्रेडने अशा हकिकती गोळा करून 1850 मध्ये माणसाच्या शीतनिद्रेवर एक पुस्तिका काढली. त्याच सुमारास काशीत नवीनचंद्र पाल या बंगाली डॉक्टरने योगावर छोटा ग्रंथ लिहिला. योगी श्वास मंदावून कर्बवायू कमी बाहेर टाकतात आणि म्हणून हिवाळ्यात निजणाऱ्या प्राण्यांसारखे तग धरतात, असं त्याचं म्हणणं होतं. जीभ मागे वळवणं म्हणजे हठयोगातली खेचरी मुद्रा. पोथीत ती समाधीचं साधन म्हणून सांगितली आहे. लाहोरच्या बागेत जमलेल्यांना मात्र समाधीशी देणंघेणं नव्हतं. माणूस जिवंत निघतो की मेलेला, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

याच्या उलट टोकाचा प्रसंग दयानंद सरस्वतींनी आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. आर्य समाज अजून स्थापन व्हायचा होता आणि दयानंद योगाच्या पोथ्या बरोबर घेऊन हिंडत होते. त्यांत नाड्या आणि चक्रं यांची लांबलचक वर्णनं होती. एकदा गंगेच्या प्रवाहात एक प्रेत वाहत येताना दिसलं. त्यांनी पाण्यात उडी टाकून ते काठाला आणलं, चाकूने उभं फाडलं, हृदय बाहेर काढलं, मग डोकं आणि मान कापून पाहिली आणि पोथीतल्या वर्णनाशी ताडून पाहिलं. काहीच जुळेना. तेव्हा पोथ्या फाडून त्यांनी प्रेताबरोबरच नदीत सोडून दिल्या.

एकोणिसाव्या शतकातल्या शिकलेल्या हिंदू माणसाची योगाबद्दलची अडचण या दोन प्रसंगांत सामावते. एका बाजूला जत्रेतला चमत्कार होता आणि दुसऱ्या बाजूला शवविच्छेदनात न सापडणारं शरीर. मधल्या मध्ये हठयोगी म्हटलं की राख फासलेला, खिळ्यांवर निजणारा, भीक मागणारा माणूस डोळ्यांपुढे येई. विवेकानंदांनी 1896 मध्ये 'राजयोग' प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी या अडचणीतून सरळ वाट काढली. मनाचा योग वर ठेवला आणि शरीराचा योग बाजूला सारला. पतंजलींचं ध्यान हे मनाचं विज्ञान ठरलं, तर हठयोग शरीर बळकट करण्यापुरता उरला. इंग्रजी शिकलेल्या वर्गाला ही विभागणी पटली, कारण तिच्यामुळे योगाची लाज वाटेनाशी झाली.

महाराष्ट्राला ही विभागणी पूर्णपणे नवी नव्हती. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध, कुंडलिनीचं जागणं आणि त्याबरोबर देहात होणारे फेरफार इतक्या तपशिलाने येतात की तो भाग नाथपंथाच्या गुरुपरंपरेतून आला आहे हे वाचताना जाणवत राहतं. पण नंतरच्या शतकांत वारकऱ्यांनी नामस्मरणाची वाट सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आणि सहाव्या अध्यायातली साधना मठांत, आखाड्यांत, एखाद्या गुरूच्या पायाशी राहिली. घराघरांत ज्ञानेश्वरी वाचली जात होती. त्या ओव्या वाचून कुणी मूळबंध मात्र लावत नव्हतं.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली तर नर्मदाकाठच्या मालसर गावी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काय घडलं याचं महत्त्व लक्षात येतं. तिथे परमहंस माधवदास हे बंगाली वैष्णव साधू राहत होते. वयाची शंभरी त्यांनी केव्हाच ओलांडली आहे, असं त्यांचे शिष्य सांगत. 1921 साली ते वारले. त्यांनी स्वतः फारसं लिहून ठेवलेलं नाही, पण त्यांच्या दोन शिष्यांनी आधुनिक योगाला वळण लावलं, आणि त्या दोघांचंही कार्यक्षेत्र मुंबई आणि तिच्या आसपासचा मुलूख होता.

पहिले मणिभाई देसाई, पुढे योगेंद्र म्हणून प्रसिद्ध झालेले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकणारा हा सुरतकडचा तरुण 1916 साली माधवबागेत माधवदासांना भेटला आणि शिक्षण सोडून त्यांच्यामागे गेला. 25 डिसेंबर 1918 रोजी त्याने वर्सोव्याला दादाभाई नौरोजींच्या कुटुंबाच्या बंगल्यात योगसंस्था सुरू केली. लगेच पुढल्या वर्षी तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कजवळ त्याने असंच केंद्र काढलं. 1924 मध्ये तो परतला. पुढे ही संस्था सांताक्रूझला स्थिरावली. योगेंद्रांचा भर होता तो गृहस्थाच्या घरात मावेल अशा योगावर. त्यांच्या पत्नी सीतादेवींनी 1934 मध्ये खास स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, आणि इथून पुढची गोष्ट मुख्यतः त्यांची आहे.

गुण्यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी बडोदे संस्थानातल्या डभईला झाला. लहानपणीच आईवडील गेले आणि शिक्षण गरिबीत झालं. 1903 साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली म्हणून बडोदे कॉलेजचा रस्ता मोकळा झाला. त्या कॉलेजात तेव्हा अरविंद घोष शिकवत होते आणि बाहेर टिळकांचं वारं होतं. बडोद्यात आणखी एक गुरू भेटले ते जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव. त्यांच्याकडे गुण्यांनी तीन वर्षं देशी व्यायामाचे धडे घेतले. आखाड्यातल्या माणसाला शरीर म्हणजे काय ते हाताला कळलेलं असतं. नुसत्या पंडिताला ते कळत नाही आणि नुसत्या संन्याशाला त्याची फिकीर नसते. गुण्यांच्या पुढच्या कामाचं मूळ संस्कृत शिष्यवृत्तीइतकंच या आखाड्यात आहे, असं मला वाटतं.

1916 पासून ते खानदेशात अमळनेरला होते. प्रतापशेटांच्या गिरणीमुळे आणि दातृत्वामुळे या लहान गावात तत्त्वज्ञान मंदिरही उभं राहिलं होतं आणि राष्ट्रीय शिक्षणाचे प्रयोगही चालले होते. गुणे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 1923 मध्ये सरकारी रोषामुळे ते महाविद्यालय बंद पडलं. (साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले ते त्याच सुमारास, 1924 मध्ये. एका उमेदीच्या माणसाने गाव सोडलं आणि दुसरा आला.) पण तोवर गुण्यांच्या आयुष्याला दुसरंच वळण लागलं होतं. 1919 मध्ये ते मालसरला माधवदासांपाशी गेले होते आणि तिथे हठयोगाच्या क्रिया शिकले होते.

त्यांतल्या दोन क्रियांनी त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही: उड्डियान आणि नौली. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत आणि वर ओढायचं. नौलीत त्याच स्थितीत पोटाचे मधले दोन उभे स्नायू पुढे काढून वेगळे करायचे, मग ते डावीउजवीकडे फिरवायचे. जुने योगी नदीत कमरेएवढ्या पाण्यात बसून गुदद्वारात वेळूची नळी घालत आणि नौली करून पाणी आतड्यात ओढून घेत. याला बस्ती म्हणत. पाणी वर का चढतं याचं उत्तर परंपरेने प्राण आणि अपान वायूंच्या भाषेत दिलं होतं. गुण्यांना ते उत्तर खोटं वाटलं नाही, पण अपुरं वाटलं.

1920च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हे तपासायचं ठरवलं. क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य पोटात देऊन उड्डियान आणि नौली चालू असताना छायाचित्रं घेतली. आतड्यात रबरी नळी घालून तिचं दुसरं टोक पाऱ्याच्या दाबमापकाला जोडलं. नौली करणाऱ्याने स्नायू पुढे काढले की पारा उतरे. आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होत होता, म्हणजेच आत अंशतः निर्वात पोकळी तयार होत होती आणि पाणी तिथे चढत होतं. गुण्यांनी या पोकळीला आपल्या गुरूंचं नाव दिलं, 'माधवदास व्हॅक्यूम'.

नुसता चमत्कार दाखवायचा असता तर नदीकाठ पुरेसा होता. नळीतला पारा मात्र योगी आणि शंकेखोर या दोघांनाही एकच गोष्ट सांगत होता. शिवाय ही क्रिया चांगल्या सरावाने कुणालाही जमण्यासारखी होती. लाहोरच्या साधूची विद्या त्याच्यापाशीच राहिली होती, तर बडोद्याच्या विद्यार्थ्याची नौली दुसऱ्या इस्पितळात दुसऱ्या माणसावर पुन्हा करून पाहता येत होती. प्रयोगाला प्रयोग म्हणतात तो यामुळे.

1924 च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या मुहूर्तावर, गुण्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. आता ते स्वामी कुवलयानंद होते. मुंबई आणि पुणे यांच्या मध्यावर, रेल्वेच्या रस्त्यावर, थंड हवेच्या गावी हा आश्रम असल्यामुळे मुंबईचे डॉक्टर, पैसेवाले आणि रुग्ण या तिघांनाही तिथे पोचणं सोपं होतं. त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक निघालं. त्याची मांडणी पाहिली की या माणसाच्या डोक्यात काय होतं ते कळतं. एक भाग शास्त्रीय प्रयोगांचा, एक अर्धशास्त्रीय आणि एक सामान्य वाचकासाठी. पहिल्या भागात क्ष-किरणांच्या चित्रांखाली दाबाचे आकडे आणि शेवटच्या भागात सर्वांगासन घरी कसं करावं याच्या सूचना. एकाच अंकात प्रयोगशाळा आणि दिवाणखाना.

त्या पहिल्या वर्षांतली प्रयोगशाळा आजच्या डोळ्यांना गरीब वाटेल. रक्तदाब मोजायचं यंत्र, दाबमापक, श्वासातला वायू गोळा करायच्या पिशव्या आणि तो तपासायची रासायनिक साधनं. शीर्षासन, सर्वांगासन, मत्स्यासन करताना रक्तदाब किती बदलतो, याच्या नोंदी घेतल्या गेल्या. प्रयोगाला बसणारी माणसं आश्रमातलीच असत. त्यामुळे आकडे थोडे आणि अपेक्षा मोठ्या, हा दोष या संशोधनात सुरुवातीपासून होता आणि पुढल्या संशोधकांनी तो दाखवूनही दिला.

पण कुवलयानंदांच्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा प्राणायामाच्या बाबतीत झाली. त्या काळी, आणि खरं तर आजही, प्राणायामाचा पहिला फायदा विचाराल तर लोक ऑक्सिजन असं उत्तर देतात. खोल श्वास घेतला की भरपूर प्राणवायू आत जातो, रक्त शुद्ध होतं आणि तरतरी येते. पाश्चात्त्य व्यायामपटूंनीही दीर्घश्वसनाचा हाच प्रचार चालवला होता. कुवलयानंदांनी श्वासाबरोबर बाहेर पडणारा वायू गोळा करून तपासला आणि लिहून टाकलं की सावकाश केलेल्या, कुंभकासह, म्हणजे श्वास रोखून, केलेल्या प्राणायामात नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त ऑक्सिजन आत जातो हे काही खरं नाही. प्राणायामाची किंमत ऑक्सिजनमध्ये शोधू नये, ती छातीपोटातल्या दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवरच्या परिणामात शोधावी, असं त्यांचं मत झालं. आश्रम काढून बसलेल्या, देणग्यांवर चालणाऱ्या माणसाने आपल्याच मालाची लोकप्रिय जाहिरात खोडून काढावी हे सहसा घडत नाही. आज गल्लोगल्ली चालणाऱ्या योगवर्गांत ऑक्सिजनचा महिमा ऐकू येतो तेव्हा लोणावळ्यात साठसत्तर नव्हे, तर नव्वद वर्षांपूर्वी यावर काम झालं होतं याची कुणाला आठवण नसते.

मुंबईत त्याच वेळी योगाच्या शरीरशास्त्राला वेगळेच फाटे फुटत होते. डॉ. वसंत रेळे यांनी मुंबईच्या वैद्यकीय मंडळींपुढे नाडी थांबवून दाखवणाऱ्या एका योग्याचा प्रयोग पाहिला आणि 1927 मध्ये कुंडलिनीवर इंग्रजी पुस्तक काढलं. कुंडलिनी म्हणजे उजवा व्हेगस मज्जातंतू, असं त्यांचं अनुमान. दयानंदांना प्रेतात जे सापडलं नव्हतं ते रेळ्यांना शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडलं. पुस्तक गाजलं. पण हा मार्ग अनुवादाचा होता: जुन्या शब्दाला नवा अवयव चिकटवायचा आणि काम झालं म्हणायचं. पारा उतरतो की नाही हे पाहण्याची गरज त्यात उरत नव्हती. मराठी वाचकांत या प्रकारच्या लिखाणाची आवड तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे.

1927 च्या मार्चमध्ये गांधीजी दौऱ्यात आजारी पडले. रक्तदाब फार वाढला होता. विश्रांतीसाठी त्यांना म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर नेण्यात आलं आणि तिथून त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची हौस असलेला रुग्ण आणि दुसऱ्याच्या शरीरावर मोजमाप घेणारा संन्यासी, अशी ही जोडी. आसनं, मालिश, आहार, रक्तदाबाचे आकडे यांचा त्या पत्रांत ऊहापोह आहे. मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरूंनीही लोणावळ्याला भेट दिली. संस्थेचं नाव वाढलं, तसे रुग्णही वाढले. 1936 मध्ये मुंबईला चौपाटीजवळ ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र उभं राहिलं. बद्धकोष्ठ, दमा, रक्तदाब, निद्रानाश यांच्यासाठी लोक तिथे येऊ लागले.

आणि इथे एक गोष्ट सरकली. कैवल्यधाम या नावातच मोक्ष आहे. कुवलयानंदांच्या लेखी आसन ही पहिली पायरी होती. पतंजलींनी सांगितलेलं प्रयत्नशैथिल्य, म्हणजे ताण न घेता शरीर सोडून देणं, आणि त्यापुढची अनंतसमापत्ती, म्हणजे मन अमर्यादात मिळवणं, ही त्यांची खरी दिशा. शवासन शिकवताना ते एकेक अवयव सैल सोडायला सांगत आणि मग लक्ष श्वासाच्या येण्याजाण्यावर आणायला सांगत. रुग्णाला हे निजण्यासारखं वाटे, साधकाला मात्र हे धारणेचं दार होतं. पण दाबमापकावर पोट दिसतं, रक्तदाबाच्या यंत्रावर धमन्या दिसतात. अनंतसमापत्ती कशावर दिसणार? जे मोजता येत होतं त्याचे लेख झाले, वर्ग झाले, अभ्यासक्रम झाले. ज्यासाठी हे सगळं होतं ते मन वाट पाहत राहिलं.

1931-32 मध्ये लोणावळ्यात एक वेगळा विद्यार्थी आला. कोवूर बेहनन, त्रावणकोरकडचा, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकलेला. तो वर्षभर राहिला, प्राणायाम आणि ध्यान शिकला, परत जाऊन येलच्या प्रयोगशाळेत स्वतःलाच मोजलं आणि 1937 मध्ये पुस्तक काढलं. त्याच्या मोजणीत उज्जायी प्राणायामाच्या वेळी ऑक्सिजनचा खप सुमारे एकचतुर्थांशाने वाढलेला दिसला, त्यामुळे ऑक्सिजनचा वाद पुन्हा जागा झाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. प्राणायाम संपल्यावर लगेच त्याने बेरजा केल्या, रंगांची नावं सांगितली, अशाच मनाच्या कसोट्या घेतल्या. प्रत्येकीत तो नेहमीपेक्षा मंद ठरला. प्राणायामाने बुद्धी तल्लख होते या समजाला हा धक्का होता. बेहननने तो लपवला नाही. उलट, मन आत वळवण्याची ही तयारी आहे, बाहेरच्या कामाची नाही, आणि रोजच्या सरावानंतर येणारी प्रसन्नता खरी आहे, असंही त्याने नोंदवलं. ध्यान शिकणाऱ्या माणसाला हे वाचून हसू येईल. पद्मासनातून उठल्या उठल्या बेरजा करायला कोण बसतो?

1937 मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारने शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष कुवलयानंद. त्यातून कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था निघाली आणि शाळांच्या तासांत आसनं शिरली. 'यौगिक संघ व्यायाम' या नावाने त्यांनी सामुदायिक आसनांचा कार्यक्रम बेतला होता. शिट्टी वाजली की शंभर मुलं एकदम पश्चिमोत्तानासनात. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रचार करत होते तो याच काळात. त्याच वर्षी, म्हणजे 1937 मध्ये, म्हैसूरच्या कृष्णम्माचार्यांनी बेल्लूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार या आपल्या तरुण शिष्याला पुण्याला डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला पाठवलं. हे सगळे प्रवाह वेगळे होते, पण प्रत्येकात योग उभ्या शरीराचा होत चालला होता. टिळकांच्या पिढीला दुबळ्या राष्ट्राची खंत होती. ती खंत आता मैदानावर उतरली होती, आणि मैदानात डोळे मिटून बसणाऱ्याला जागा नसते.

समाधीकडे परत लक्ष वेधलं ते परदेशी संशोधकांनी, आणि गंमत म्हणजे तेही लाहोरच्या जुन्या प्रश्नावरून. योगी हृदय थांबवतो का? 1935 मध्ये फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेज ब्रॉस या बाई हृदयाचा आलेख काढणारं यंत्र घेऊन भारतात आल्या. एका योग्याच्या आलेखात ठोके जवळजवळ सपाट झालेले त्यांना दिसले. ही बातमी पुढे वीस वर्षं फिरत राहिली. मग 1957 मध्ये अमेरिकेहून वेंगर आणि बागची हे दोघे मेंदूचे, हृदयाचे आणि त्वचेचे आलेख एकाच वेळी घेणारं फिरतं यंत्र बरोबर घेऊन आले आणि भारतभर हिंडले. यातले बसुकुमार बागची पूर्वाश्रमीचे स्वामी धीरानंद. अमेरिकेत योग शिकवणाऱ्या योगानंदांचे ते सहकारी होते, 1929 मध्ये त्यांच्यापासून वेगळे झाले आणि मिशिगनला मेंदूच्या विद्युत्-लहरींचे शास्त्रज्ञ झाले. त्यांना दोन्ही घरं आतून माहीत होती.

लोणावळ्याचे विद्यार्थीही त्यांच्या यंत्राला जोडले गेले. हिमालयाच्या गुहेत राहिलेला एक योगी त्यांना भेटला. तो हुकूम मिळताच कपाळावर घाम आणून दाखवत असे. थंडीत गुहेत बसून ऊब मनात आणण्याचा त्याने सराव केला होता, त्यातून हे आलं. हृदयाच्या बाबतीत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी 1961 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: नाडी हाताला लागत नाही, स्टेथोस्कोपला ठोके ऐकू येत नाहीत, पण आलेखात हृदय चालूच असतं. श्वास कोंडून छातीपोटाचे स्नायू आवळले की रक्ताचं परतणं कमी होतं आणि नाडी लपते. चमत्काराचा असा सरळ हिशेब लागला. कुवलयानंदांनी नौलीच्या बाबतीत जे केलं होतं त्याचंच हे हृदयाकडे वळलेलं रूप.

मेंदूचा हिशेब मात्र लागेना. 1955 मध्ये कलकत्त्याला दास आणि गॅस्टॉ यांनी क्रियायोग करणाऱ्या साधकांच्या मेंदूचे आलेख घेतले होते. खोल ध्यानात लहरी वेगवान झाल्या आणि हृदयाची गतीही वाढली. 1961 मध्ये दिल्लीला आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांना उलट दिसलं. समाधीत मेंदूत संथ अल्फा लहरी टिकून राहतात, आवाज केला, उजेड पाडला तरी तुटत नाहीत. दोन योग्यांनी 4 अंश सेल्सिअस पाण्यात 45 ते 55 मिनिटं हात बुडवून ठेवला आणि तेवढा वेळ लहरी तशाच चालू राहिल्या. आपल्याला यापैकी काही जमणार नाही. नळाच्या पाण्यातच पाच मिनिटं पुष्कळ झाली. पण मुद्दा असा की एका प्रयोगात ध्यान म्हणजे उत्तेजना ठरलं आणि दुसऱ्यात शांती. समाधी एकच की अनेक, पद्धत बदलली की अवस्था बदलते का, हे प्रश्न यंत्राने सोडवले नाहीत, पण निदान नीट विचारले.

लोणावळ्यातही काम चालू होतं. 1951 मध्ये गोवर्धनदास सेक्सरिया महाविद्यालय निघालं. 1960च्या दशकात तिथे जमिनीत हवाबंद खड्डा बांधला गेला. करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी त्यात माणसं तासन्‌तास बसवून आतल्या हवेतला ऑक्सिजन आणि कर्बवायू मोजला. केवळ योगीच नव्हे, योगाचा सराव नसलेले लोकही त्यांनी आत बसवले. तुलना नसेल तर योग्याचा पराक्रम कशाच्या जोरावर ठरवायचा? 1968 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस दिवसांच्या गोष्टी सोडाच, मोजणी तासांत होती, आणि खड्ड्यातली खरी अडचण कर्बवायू साठण्याची असते, हे त्यातून पुढे आलं.

कुवलयानंद तोवर गेले होते. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या कामाचं मोल ठरवताना एक चूक नेहमी होते. योग विज्ञानाने सिद्ध केला, असं त्यांचे चाहते म्हणतात. त्यांनी सिद्ध केलेल्या गोष्टी थोड्या आहेत. नौलीतली पोकळी ही त्यातली भक्कम. कित्येक दावे अपुऱ्या नोंदींवर उभे होते. पण योगावरचं विधान तपासता येतं आणि खोटं ठरलं तर छापावं लागतं, ही शिस्त त्यांनी आश्रमात आणली. त्याआधी योग्याला एकतर नमस्कार करायचा किंवा ठग म्हणायचं, एवढेच दोन पर्याय होते. त्याची दुसरी बाजू अशी की प्रयोगशाळेच्या भाषेत बोलायला लागल्यावर योग रोगनिवारणाच्या आश्वासनाखेरीज बोलेनासा झाला. दम्यावर कुठलं आसन, मधुमेहावर कुठलं, अशी विचारणा आज प्रत्येक योगशिक्षकाला होते. मन शांत होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारणारा क्वचित भेटतो, आणि भेटला तर त्याला रक्तदाबाचा आकडा दाखवला जातो. ही घसरण लोणावळ्याने घडवली असं मी म्हणणार नाही. तिची सोय मात्र तिथे झाली.

1970 साली दोन गोष्टी छापून आल्या. अमेरिकेत 'सायन्स' नियतकालिकात रॉबर्ट वॉलेस यांचा भावातीत ध्यानाच्या शारीरिक परिणामांवरचा लेख आला, आणि ध्यानाच्या प्रयोगांचं केंद्र पुढची काही दशकं तिकडे सरकलं. त्याच वर्षी लोणावळ्याला स्वामी दिगंबरजी आणि रघुनाथशास्त्री कोकजे यांनी स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेची आवृत्ती काढली. कैवल्यधामात आता पाऱ्याच्या नळीशेजारी पोथ्यांचे पाठही ताडून पाहिले जात होते.